नफा दहा, वाटप पंधरा

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आणि बचतीतले चार पैसे शेअर बाजारात घालणाऱ्या मराठी माणसाला कधीतरी कोणीतरी कानमंत्र देतोच: "पाइपलाइनवाल्यांची युनिट घेऊन ठेव, दर तीन महिन्यांनी घरबसल्या पैसे येतील." तो घेतो, पैसेही येतात. मग एके दिवशी तो तिमाही अहवाल उघडतो आणि चक्रावतो. अहवालात युनिटमागे नफा दिसतो ४० सेंट आणि खात्यात जमा झालेले असतात ६०. नफ्यापेक्षा जास्त वाटणारी कंपनी अजून उभी कशी? ही मंडळी आपलेच पैसे आपल्याला परत देत नाहीत ना?

शंका रास्त आहे. काही ठिकाणी ती खरीही ठरू शकते. पण आधी हे पाहायला हवे की हा धंदा कमावतो कशावर, तो भागीदारीच्या रूपात का चालतो आणि तीन महिन्यांच्या हिशेबाला कोणते नियम लागतात. ही तीन कोडी सुटली की ४० आणि ६० यांचे भांडण उरत नाही. त्यातून कंपनी सुदृढ आहे की पोकळ, हेही ताडता येते.

१. पाइपलाइन कमावते कशावर?

पिठाच्या गिरणीत आपण गव्हाचा डबा घेऊन जातो. गहू आपला, पीठही आपलेच. गिरणीवाला घेतो ते दळणाचे पैसे. गव्हाचा भाव चढला काय नि उतरला काय, किलोमागे त्याचा दर तोच. त्याला चिंता एकच, डबे येत राहिले पाहिजेत. थोडे पीठ जात्यात अडकून राहते, थोडी घट धरली जाते, आणि गिरणी रिकामी असली तरी जागेचे भाडे व कर्जाचा हप्ता चुकत नाही.

तेलाची पाइपलाइन अशीच चालते. टेक्सासच्या विहिरीतले तेल कोणा उत्पादकाचे किंवा रिफायनरीचे असते. पाइपलाइनवाला बॅरलमागे वहनाचा दर घेतो. एक बॅरल म्हणजे ४२ गॅलन, सुमारे १५९ लिटर. तेल उन्हात फुगते आणि थंडीत आकसते, म्हणून ते ६० अंश फॅरनहाइट तापमानाला किती भरेल, हे काढूनच बॅरल मोजतात. घटीपोटी मालातला अगदी लहान हिस्सा पाइपलाइनवाला ठेवून घेतो. घट प्रत्यक्षात कमी झाली, तर उरलेले तेल त्याचे उत्पन्न होते.

आंतरराज्य तेल पाइपलाइनला मनाला येईल तो दर लावता येत नाही. १९०६ च्या हेपबर्न कायद्याने या पाइपलाइन सार्वजनिक वाहक ठरल्या, म्हणजे येईल त्याचा माल रास्त दराने वाहून नेणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. आज दरांवर फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनची नजर असते. अनेक तेल पाइपलाइनच्या दराची कमाल मर्यादा महागाईच्या निर्देशांकाला बांधलेली असून ती दरवर्षी १ जुलैला बदलते. त्यामुळे जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत उत्पन्न वाढलेले दिसले, तर ते जास्त तेल वाहिल्यामुळे आहे की नुसता दर वाढल्यामुळे, हे आधी विचारावे.

जात्यात अडकलेल्या पिठासारखे तेलही पाइपमध्ये कायम भरलेले असते. पाइप भरलेला नसेल तर या टोकाला ढकललेले तेल त्या टोकाला निघत नाही. हे तेल कंपनीच्या मालकीचे असेल, तर ते विक्रीचा साठा म्हणून न धरता पाइप आणि पंपांप्रमाणे दीर्घकालीन मालमत्तेत दाखवण्याची पद्धत आहे. पाइपलाइन चालू आहे तोवर ते विकायचेच नसते.

२. भागीदारीच कशासाठी?

अमेरिकेत साध्या कंपनीच्या नफ्यावर दोनदा कर बसतो. आधी कंपनी भरते, मग लाभांश हातात पडल्यावर भागधारक भरतो. भागीदारी संस्था स्वतः प्राप्तिकर भरत नाही. नफा भागीदारांच्या नावे टाकला जातो आणि ज्याने त्याने आपापला कर भरायचा असतो.

१९८१ मध्ये अपाची पेट्रोलियम पार्टनर्सने भागीदारीतले हिस्सेच शेअर बाजारात आणले. करात सूट भागीदारीची आणि खरेदी-विक्रीची सोय शेअरची. कल्पना इतकी आवडली, की ज्यांचा तेलाशी काडीचा संबंध नाही असे धंदेही रांगेत उभे राहिले. मग १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने दार आवळले. बाजारात नोंदलेल्या भागीदारीला ही सवलत हवी असेल, तर तिचे किमान ९० टक्के उत्पन्न कायद्याने मान्य केलेल्या स्रोतांतूनच यायला हवे. तेल-वायू काढणे, शुद्ध करणे, साठवणे आणि पाइपलाइनने वाहून नेणे त्यात बसते. म्हणूनच ह्यूस्टनची एंटरप्राइज प्रॉडक्ट्स पार्टनर्स, एनर्जी ट्रान्सफर, प्लेन्स ऑल अमेरिकन अशी मोठी नावे या रूपात दिसतात.

या भागीदारीत दोन थर असतात. कारभार पाहतो तो मुख्य भागीदार. बाजारातून युनिट घेणारे सगळे मर्यादित भागीदार. त्यांना वाट्याचे पैसे मिळतात, कारभारात मात्र फारसे विचारले जात नाही. ताळेबंदात 'भागभांडवल' या जागी 'भागीदारांचे भांडवल' दिसते आणि नफा-तोटा पत्रकात प्राप्तिकराची ओळ जवळजवळ रिकामी असते. वर्षाअखेरीस युनिटधारकाला के-वन नावाचा कागद येतो. त्याच्या नावे किती नफा, किती घसारा पडला, हे त्यात लिहिलेले असते. कर भरणाऱ्याची डोकेदुखी तिथून सुरू होते.

भागीदारीच्या करारात बहुधा एक कलम असते: तिमाही संपल्यापासून ठरावीक दिवसांत, साधारण ४५ दिवसांत, 'उपलब्ध रोख' भागीदारांना वाटायची. लाभांश द्यायचा की नाही, हे साध्या कंपनीचे संचालक मंडळ आपल्या सवडीने ठरवते. इथे हा प्रश्न दर तिमाहीला दारात उभा असतो. त्यामुळे तीन महिन्यांच्या हिशेबाला या धंद्यात विशेष वजन आहे.

३. टेन-क्यू: चाळीस दिवसांतला हिशेब

अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने १९७० मध्ये तिमाही अहवाल सक्तीचा केला. त्या अहवालाचे नाव टेन-क्यू. मोठ्या कंपन्यांना तो तिमाही संपल्यापासून ४० दिवसांत द्यावा लागतो, लहान कंपन्यांना ४५ दिवसांत. वर्षात टेन-क्यू तीनच असतात. चौथ्या तिमाहीचा वेगळा टेन-क्यू निघत नाही. टेन-के या वार्षिक अहवालातून आधीचे नऊ महिने वजा केले की चौथी तिमाही हाती लागते.

हा अहवाल वाचताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, तुलना. नफा-तोटा पत्रकात या तिमाहीशेजारी गेल्या वर्षीची तीच तिमाही असते. हिवाळ्यात घरे तापवायला वायू आणि प्रोपेन लागतो, उन्हाळ्यात लोक गाड्या घेऊन सहलीला निघाले की पेट्रोल जास्त खपते. जानेवारी-मार्चची तुलना एप्रिल-जूनशी केली, तर धंदा कळायच्या ऐवजी हवामानच कळेल. ताळेबंद मात्र गेल्या डिसेंबरअखेरच्या ताळेबंदाशेजारी ठेवलेला असतो.

दुसरी, रोख प्रवाहाचे पत्रक. ते वर्षाच्या सुरुवातीपासूनचे असते. समजा, जूनअखेरच्या अहवालात कामकाजातून आलेली रोख ९० कोटी डॉलर दिसते आणि मार्चअखेरच्या अहवालात ती ३८ कोटी होती. मग दुसऱ्या तिमाहीची रोख ९० वजा ३८, म्हणजे ५२ कोटी. ही वजाबाकी वाचकाने स्वतः करायची.

तिसरी, 'लेखापरीक्षण न केलेले' हा शिक्का. वार्षिक हिशेबाचे लेखापरीक्षण होते, म्हणजे कागदपत्रे तपासली जातात, साठा मोजला जातो, बँकांकडून खातरजमा होते. तिमाहीला लेखापरीक्षक फक्त आढावा घेतो. प्रश्न विचारतो, आकड्यांची एकमेकांशी तुलना करतो, काही खटकले तर सांगतो.

हिशेब घाईचा असल्याने त्यात अंदाजही बरेच असतात. ३० जूनला रात्री बारा वाजता मीटरमधून तेल वाहतच असते. कच्च्या तेलाच्या व्यवहारात जूनच्या मालाचे पैसे २० जुलैला, तर वायूचे २५ जुलैला चुकते करण्याचा रिवाज आहे. मीटरची अंतिम तिकिटे हातात यायच्या आधीच हिशेबनीस महिन्याचे बॅरल अंदाजाने धरतो आणि पुढे फरक पडला तर दुरुस्त करतो. तिमाहीअखेरच्या ताळेबंदात येणे आणि देणे दोन्ही फुगलेले दिसतात, त्याचे मोठे कारण हेच.

मग या अंदाजांची जबाबदारी कोणाची? उत्तराला महाराष्ट्राच्या ओळखीचे एक नाव जोडलेले आहे. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पामुळे आपल्याकडे घरोघरी पोहोचलेली एन्रॉन मुळात पाइपलाइन कंपनीच होती. ह्यूस्टन नॅचरल गॅस आणि इंटरनॉर्थ या दोन वायू कंपन्या १९८५ मध्ये एकत्र आल्या आणि एन्रॉन जन्मली. १६ ऑक्टोबर २००१ रोजी तिने तिसऱ्या तिमाहीचा ६१.८ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. भागधारकांच्या भांडवलात त्याच वेळी १२० कोटी डॉलरची घट झाली होती, पण ती प्रसिद्धिपत्रकात नव्हती. विश्लेषकांशी फोनवर बोलताना तिचा उल्लेख आला. २ डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानंतर मुख्य कार्यकारी अधिकारी आणि वित्तप्रमुख या दोघांना प्रत्येक तिमाही अहवालावर व्यक्तिशः प्रमाणपत्र द्यावे लागते. 'मला ठाऊक नव्हते' म्हणण्याची सोय त्यामुळे बरीच आखडली.

४. तिमाही: वर्षाचा तुकडा की स्वतंत्र काळ?

इथे हिशेबशास्त्रात दोन घराणी आहेत.

अमेरिकेत लेखा मानके फायनान्शियल अकाउंटिंग स्टँडर्ड्स बोर्ड ठरवते. अंतरिम अहवालाच्या तिथल्या नियमाचा पाया १९७३ मधला आहे. आज तो मानकांच्या संहितेत २७० व्या विषयाखाली येतो. त्याची धारणा अशी, की तिमाही हा वर्षाचा अविभाज्य तुकडा आहे. ज्या खर्चाचा फायदा उघडपणे एकाहून अधिक तिमाहींना होतो, तो त्यांच्यात वाटून टाकता येतो. समजा, पाइपलाइनच्या जमिनी आणि पंपगृहांवरचा वर्षाचा मालमत्ता कर ४० लाख डॉलर आहे आणि बिल एकदाच येते. प्रत्येक तिमाहीवर १० लाख टाकले की कोणत्याच तिमाहीला विनाकारण झळ बसत नाही.

दुसरे घराणे आंतरराष्ट्रीय मानक ३४ चे. भारतातले इंड एएस ३४ त्याच वळणाचे आहे. तिथे तिमाहीला स्वतंत्र काळ मानतात. जो खर्च वर्षाअखेरीस पुढे ढकलता येणार नाही किंवा आगाऊ धरता येणार नाही, तो तिमाहीतही तसा हाताळायचा नाही.

फरक साठ्यात ठळक दिसतो. मार्चअखेर तेलाचा भाव पडला आणि साठ्याची किंमत खरेदीखाली गेली. वर्ष संपायच्या आत भाव पूर्ववत होईल असा भक्कम पुरावा असेल, तर अमेरिकी नियमात त्या तिमाहीत तोटा दाखवला नाही तरी चालते. आंतरराष्ट्रीय नियमात तो मार्चमध्येच दाखवावा लागतो आणि भाव सावरल्यावर परत फिरवावा लागतो. दोन देशांतल्या दोन पाइपलाइनचे तिमाही नफे शेजारी ठेवताना हे विसरून चालत नाही.

मोठ्या दुरुस्तीच्या बाबतीत मात्र दोन्ही घराणी जवळ आली आहेत. 'सप्टेंबरमध्ये टाक्यांची मोठी दुरुस्ती आहे, म्हणून मार्चपासूनच थोडाथोडा खर्च टाकत जाऊ,' ही आगाऊ तरतूद अमेरिकेने २००६ मध्ये बंद केली. तेव्हा सप्टेंबर तिमाहीचा नफा अचानक खाली आला, तर आधी दुरुस्तीची ओळ शोधावी.

५. पैसे आले, पण उत्पन्न नाही

नवी पाइपलाइन टाकायला प्रचंड भांडवल लागते. आधी ग्राहक पक्का केल्याशिवाय बँक दारात उभी करत नाही. म्हणून दीर्घ मुदतीचे करार होतात: माल पाठवा किंवा न पाठवा, ठरलेल्या क्षमतेचे पैसे द्या.

समजा, एका उत्पादकाने रोज १ लाख बॅरलची क्षमता बॅरलमागे १ डॉलर दराने राखून ठेवली. ९० दिवसांच्या तिमाहीत त्याने रोज ८० हजारच बॅरल पाठवले. तरी त्याला द्यावे लागतात पूर्ण ९० लाख डॉलर. त्यातले ७२ लाख झालेल्या कामाचे आणि १८ लाख न पाठवलेल्या मालाचे.

या १८ लाखांचे काय करायचे? करार म्हणत असेल, की 'कमी पाठवलेला माल पुढच्या वर्षभरात जादा पैसे न देता पाठवता येईल', तर पाइपलाइनवाल्याच्या डोक्यावर अजून काम शिल्लक आहे. २०१८ पासून नोंदणीकृत कंपन्यांना लागू झालेल्या महसुलाच्या ६०६ व्या मानकानुसार ते १८ लाख देणे म्हणून ताळेबंदात बसतात. उत्पादकाने हक्क वापरला, त्याची मुदत संपली किंवा तो वापरला जाण्याची शक्यता अगदीच उरली नाही, की मग ते उत्पन्नात येतात. करारात अशी भरपाईची सोयच नसेल, तर ते याच तिमाहीचे उत्पन्न.

म्हणजे रोख ९० आली आणि उत्पन्न दिसले ७२. पुढे एखाद्या तिमाहीत एकही बॅरल न वाहता १८ लाखांचे उत्पन्न उगवेल. त्या तिमाहीची वाढ पाहून हुरळून जाऊ नये.

६. कागदावर आधी तोटा, मग नफा

बऱ्याच पाइपलाइन भागीदाऱ्या तेलाची खरेदी-विक्रीही करतात. पुढच्या महिन्यांचा भाव आजच्यापेक्षा चढा असेल, तर आज तेल घ्यायचे, आपल्या टाकीत ठेवायचे आणि त्याच वेळी वायदे बाजारात पुढचा भाव पक्का करायचा.

समजा, तेल घेतले ७० डॉलरला आणि वायदा विकला ७४ ला. बॅरलमागे ४ डॉलर नक्की झाले. पण तिमाहीच्या शेवटच्या दिवशी वायद्याचा भाव ८० वर गेला. वायदा बाजारभावाने मांडायचा असतो, म्हणून ६ डॉलरचा तोटा नोंदला जातो. टाकीतले तेल मात्र खरेदीच्या ७० डॉलरनेच राहते, त्याची वाढलेली किंमत विकल्याशिवाय धरत नाहीत. पुढच्या तिमाहीत भाव तिथेच राहिला आणि ते तेल ८० ला विकले, की १० डॉलर नफा.

पहिली तिमाही उणे ६, दुसरी अधिक १०. बेरीज ४. धंदा पहिल्या दिवसापासून ४ डॉलरचाच होता. वायदा आणि साठा यांची जोडी विशेष नियमांनी बांधून घेतली, तर हे हेलकावे कमी होतात, पण त्यासाठीची कागदपत्रे काटेकोर असावी लागतात.

अशा कंपनीचा 'एकूण महसूल' हा आकडाही फसवा. तेलाची सगळी किंमत त्यात येते-जाते. भाव दुप्पट झाला की महसूल जवळजवळ दुप्पट दिसतो आणि पाइपलाइनवाल्याच्या पदरात मात्र पूर्वीएवढेच पडते.

७. चाळीस सेंट आणि साठ सेंट

आता मूळ कोडे. एका काल्पनिक भागीदारीची तिमाही घेऊ. आकडे कोटी डॉलरमध्ये.

वहनाचे उत्पन्न: ५०
चालवण्याचा खर्च: २०
घसारा: १२
व्याज: ८
नफा: १०

युनिट २५ कोटी, म्हणून युनिटमागे नफा ४० सेंट. वाटप झाले १५ कोटी, म्हणजे युनिटमागे ६० सेंट.

घसाऱ्याचे १२ कोटी या तिमाहीत कोणाला दिलेले नाहीत. पाइप जमिनीत घातला तेव्हाच पैसे गेले. हिशेबात तो खर्च वर्षानुवर्षे थोडाथोडा टाकला जातो. तेव्हा हातातली रोख १० अधिक १२, म्हणजे २२. त्यातून पाइपलाइन आहे तशी चालू ठेवायला लागणारा भांडवली खर्च वजा करायचा: गंजलेले तुकडे बदलणे, पंप नवे करणे. तो धरू ३ कोटी. उरले १९. यालाच हे लोक 'वाटपयोग्य रोख' म्हणतात. १९ भागिले १५, म्हणजे १.२७. वाटपाच्या सव्वापट रोख हाताशी आहे. शंका मिटली.

मिटली का? तो ३ चा आकडा कोणी ठरवला? जुने टिकवण्याचा खर्च आणि नवे वाढवण्याचा खर्च यांतली रेघ व्यवस्थापन ओढते. खरा दुरुस्तीखर्च ८ असेल आणि त्यातले ५ 'वाढ' या खात्यात ढकलले असतील, तर वाटपयोग्य रोख उरते १४. वाटप १५. प्रमाण एकाखाली. आता मात्र युनिटधारकाला त्याचेच पाइप हळूहळू विकून पैसे दिले जात आहेत.

'वाटपयोग्य रोख' ही संज्ञा लेखा मानकांत कुठेही नाही. प्रत्येक कंपनीची व्याख्या थोडी निराळी. म्हणून २००३ पासून सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनचा नियम आहे, की असा घरगुती आकडा दिला तर मानकांतल्या जवळच्या आकड्यापासून तिथवर कसे पोहोचलात, ते ओळीओळीने दाखवा. तो तक्ता रटाळ दिसतो, पण सगळा खेळ त्यातच असतो.

आणखी एक वाटेकरी. अनेक भागीदाऱ्यांत वाटप ठरावीक पातळीवर गेले, की पुढच्या प्रत्येक जादा डॉलरमधला मोठा हिस्सा, काही करारांत निम्मा, मुख्य भागीदाराला जायचा. अशा वेळी एकूण नफ्याला युनिटने भागून चालत नाही. आधी मुख्य भागीदाराचा वाटा बाजूला काढावा लागतो. या व्यवस्थेचे ओझे इतके वाढले, की एंटरप्राइजने ती २०१० मध्ये मोडीत काढली आणि पुढे इतरही त्याच वाटेने गेले.

रोख पुरेशी असूनही वाटप कोसळू शकते. १९९७ मध्ये रिचर्ड किंडर आणि विल्यम मॉर्गन यांनी एन्रॉनकडून एन्रॉन लिक्विड्स पाइपलाइन ४ कोटी डॉलरना घेतली आणि त्यातून किंडर मॉर्गन उभी राहिली. २०१४ मध्ये तिने आपल्या भागीदाऱ्या मूळ कंपनीत विलीन केल्या. डिसेंबर २०१५ मध्ये तिने तिमाही लाभांश ५१ सेंटवरून साडेबारा सेंटवर आणला. वहनाची कमाई आटली नव्हती. पण कमाईतले बहुतेक वाटून टाकायचे आणि नव्या पाइपलाइनसाठी दरवेळी बाजारातून पैसे उभे करायचे, हे गणित तेलाचे भाव गडगडताच अडले.

८. टिपांत काय असते?

आकड्यांची पाने चार-पाच असतात, टिपांची पन्नास. अनेक जण तिथे पुस्तक मिटतात. निदान दोन टिपा वाचाव्यात.

एक, तिमाहीनंतरच्या घटनांची. जून तिमाहीचे वाटप जुलैत जाहीर होते आणि ऑगस्टमध्ये हातात पडते. त्यामुळे जूनच्या रोख पत्रकात दिसणारे वाटप मार्च तिमाहीचे असते. जूनचा नफा आणि त्याच पत्रकातले वाटप शेजारी ठेवणारा वाचक दोन वेगळ्या तिमाहींची तुलना करतो. जूनचे वाटप या टिपेत सापडते.

दोन, दावे आणि अनिश्चित देण्यांची. १९ मे २०१५ रोजी कॅलिफोर्नियात सांता बार्बरा काउंटीमधल्या रेफ्युजिओ किनाऱ्याजवळ प्लेन्सची लाइन ९०१ फुटली. बाहेरून गंज लागला होता. नियम असा, की नुकसान होण्याची दाट शक्यता असेल आणि रक्कम अंदाजता येत असेल, तर तरतूद त्याच तिमाहीत करायची. शक्यता आहे पण दाट नाही, तर फक्त टिपेत सांगायचे. पुढे मच्छीमार आणि किनाऱ्यावरच्या मालमत्ताधारकांच्या दाव्यात २३ कोटी डॉलरची तडजोड झाली, ती २०२२ मध्ये. अशी टीप सलग काही तिमाहींत वाचली, तर अंदाज कुठून कुठे सरकतो आहे ते दिसते.

कधी नियामकाचा एक कागद सगळे बदलतो. १५ मार्च २०१८ रोजी फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनने जाहीर केले, की ज्या भागीदाऱ्या प्राप्तिकर भरतच नाहीत, त्यांना खर्चावर आधारित दरात कराचा खर्च धरता येणार नाही. त्या दिवशी एकाही पाइपमधला वायू थांबला नव्हता. पण १ मेला टीसी पाइपलाइन्स या भागीदारीने तिमाही वाटप १ डॉलरवरून ६५ सेंटवर आणले. मागच्या तिमाहीच्या नफ्याकडे पाहून हे कळणे शक्य नव्हते. दर कशावर ठरतात, हे वाचणाऱ्याला अंदाज बांधता आला असता.

९. आपल्याकडे

भारतात अशी भागीदारी नाही, पण तिच्या जवळचा प्रकार आहे: पायाभूत गुंतवणूक न्यास, म्हणजे इन्व्हिट. सेबीचे नियम २०१४ चे. न्यासाने वाटपयोग्य निव्वळ रकमेच्या किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना वाटलीच पाहिजे. आंध्रातल्या काकीनाड्यापासून तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्र ओलांडून गुजरातेत भरूचपर्यंत जाणारी सुमारे १,४८० किलोमीटरची पूर्व-पश्चिम वायूवाहिनी रिलायन्सच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूसाठी टाकली होती. २०१९ मध्ये ती ब्रूकफिल्डच्या न्यासाने १३,००० कोटी रुपयांना घेतली. इथेही घसारा मोठा, नफा लहान आणि वाटप त्याहून जास्त. इथेही रोखीचा भरवसा क्षमता राखून ठेवण्याच्या दीर्घ करारावर.

म्हणून अहवाल अमेरिकेतला असो वा इथला, वाचण्याचा क्रम एकच ठेवावा. आधी टिपांतून करार कोणाशी, किती वर्षांचे, दर कोण ठरवतो ते पाहावे. मग कामकाजातून आलेली रोख, तीही वजाबाकी करून. मग दुरुस्तीचा खर्च, आणि तो घसाऱ्याच्या मानाने फारच चिमुकला आहे का, हा प्रश्न. मग नफा. वाटपाचा आकडा शेवटी. बाकीचे आकडे हिशेबनीस मोजतो किंवा अंदाजतो. वाटप करारातल्या 'उपलब्ध' या शब्दावर टेकलेले असते, आणि किती रोख उपलब्ध मानायची, किती राखून ठेवायची, हे मुख्य भागीदार किंवा न्यासाचे व्यवस्थापन ठरवते. ४० सेंट नफ्यावर ६० सेंट वाटणे हा निर्णय शहाणपणाचा की दिखाऊ, हे आधीच्या चार पायऱ्या चढून आलेल्यालाच सांगता येते.